मजुरी पिकावर, फी सालावर

बऱ्याच जणांनी ऐकण्याऐवजी वाचायला मागितलं म्हणून हा भाग लिहून टाकतोय. बोलताना जे "म्हणजे, म्हणजे" झालं होतं ते काढलंय, बाकी तेच आहे.

विषय मामांच्या फोनमुळे निघाला. माझे मामा इचलकरंजीत खर्चीवाले. बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगतो: सूत व्यापाऱ्याचं, माग आपला, आपण मजुरीवर कापड विणून द्यायचं, त्याला आमच्याकडे 'खर्चीवर माग चालवणं' म्हणतात. मामेबहिणीचा दहावीचा निकाल लागलेला. तिने रीलवर काहीतरी बघितलं: "शाळेत असतानाच कॉलेजचे क्रेडिट्स कमवा, डिग्रीचा खर्च वाचवा." मामांनी मला फोन लावला. "काय रं, तू इंजिनियर. हे खरं हाय काय?"

मी लगेच लेक्चर सुरू केलं. क्रेडिट म्हणजे काय, अमेरिकेत कसं असतं, आपल्याकडे आता काय आलंय. मामांनी दोन मिनिटं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला.

"ते सगळं राहू दे. फी पिकावर लावत्यात का सालावर?"

मी गप्प झालो. कारण सगळ्या विषयाची किल्ली त्या प्रश्नात आहे, आणि माझ्या लेक्चरमध्ये ती नव्हती.

आता 'पिक' म्हणजे काय? कापडात आडवा धागा जितका दाट, तितके पिक जास्त. आमच्या गावात विणकराची मजुरी पिकावर ठरते. बावन्न पिकाचं कापड असेल तर मीटरला इतके पैसे, पिक वाढले की मजुरी वाढते. म्हणजे जेवढं काम, तेवढे पैसे. मामांना विचारायचं होतं ते एवढंच: पोरीने थोडं शिक्षण आधीच उरकलं तर कॉलेज तेवढे पैसे कमी घेणार, की साल धरून पूर्ण फी लावणार?

या प्रश्नाचं उत्तर द्यायला थोडा इतिहास लागतो. आणि गंमत अशी की त्यातला बराचसा आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातच सापडतो.

आधी अमेरिका, पटकन

क्रेडिट हा शब्द तिकडून आला, म्हणून सुरुवात तिथून. १९०५ मध्ये अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशातून एक फाउंडेशन निघालं. कॉलेजच्या प्राध्यापकांना पेन्शन द्यायची, हा त्याचा हेतू. पण पेन्शन कोणत्या कॉलेजला द्यायची? म्हणजे आधी खरं कॉलेज कुठलं, हे ठरवायला हवं. मग ठरलं की ज्या कॉलेजात प्रवेशासाठी हायस्कूलचं अमुक इतकं शिक्षण लागतं, ते खरं कॉलेज. आणि 'अमुक इतकं' मोजायला एक माप आलं, 'कार्नेगी युनिट'. एका विषयाचे वर्षभरातले साधारण १२० तास म्हणजे एक युनिट. शिक्षण तासांत मोजायची ही सवय तिथून पसरली. जगभरची क्रेडिट पद्धत ज्या मापावर उभी आहे, ते माप प्राध्यापकांच्या पेन्शनच्या हिशोबातून पक्कं झालं.

पुढे १९५६ मध्ये तिथल्या कॉलेज बोर्डाने 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' परीक्षा देशभर घ्यायला सुरुवात केली. हायस्कूलच्या मुलांनी कॉलेजच्या पातळीचा विषय शिकायचा, परीक्षा द्यायची, चांगले मार्क पडले तर कॉलेज तो विषय माफ करू शकतं. १९८५ मध्ये मिनेसोटा राज्याने आणखी पुढचं पाऊल टाकलं: अकरावी-बारावीच्या मुलांनी थेट कॉलेजात जाऊन विषय करायचे आणि त्याचा खर्च राज्याने भरायचा.

तिथे याने पैसे का वाचतात? कारण तिथली बरीच कॉलेजं, खास करून कम्युनिटी कॉलेजं, फी क्रेडिटमागे घेतात. तीन क्रेडिटचा विषय आधीच झाला असेल तर तीन क्रेडिटचे पैसे वाचले. मामांच्या भाषेत, तिथे फी पिकावर आहे.

आता आपल्याकडे या.

मॅट्रिक ही मुळात विद्यापीठाची परीक्षा

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं. १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. त्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. आपण आजोबांकडून 'मॅट्रिक पास' ऐकतो तेव्हा वाटतं की ती शाळेची शेवटची परीक्षा. पण मुळात ती विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती. विद्यापीठ शाळेतल्या मुलांची परीक्षा घेऊन ठरवायचं की कोणाला आत घ्यायचं. पुढे १९४८ मध्ये मुंबई प्रांतात एस.एस.सी.चं वेगळं मंडळ आलं, तेव्हा ती परीक्षा विद्यापीठाच्या हातून सुटून शाळेच्या बाजूला आली.

म्हणजे शाळा आणि कॉलेज यांच्यामधली रेघ देवाने आखलेली नाही. ती माणसांनी आखली आणि माणसांनीच ती वेळोवेळी सरकवली.

सरकवण्याची मोठी सूचना १९१९ ची. कलकत्ता विद्यापीठाच्या चौकशीसाठी १९१७ मध्ये सॅडलर आयोग नेमला गेला होता. त्याने दोन वर्षांनी सांगितलं की मॅट्रिकला शाळा संपते हे चूक आहे. रेघ इंटरमीजिएटला हवी, म्हणजे कॉलेजची सुरुवातीची वर्षं विद्यापीठातून काढून खाली आणा आणि पदवी तीन वर्षांची करा.

आयोगाने सांगितलं आणि झालं, असं आपल्याकडे कधी होतं का? महाराष्ट्रात ते व्हायला पन्नासहून जास्त वर्षं गेली. आणि ज्या माणसाचा त्यात मोठा हात होता, तो आपल्या जिल्ह्यातला.

बहिरेवाडीचा माणूस आणि बारावी

आजरा तालुक्यात बहिरेवाडी नावाचं गाव आहे. तिथे १९०७ मध्ये जे. पी. नाईक यांचा जन्म झाला. स्वातंत्र्य चळवळ, तुरुंग, मग कोल्हापूर संस्थानातलं काम, आणि पुढे सगळं आयुष्य शिक्षणात. १९६४ मध्ये डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने शिक्षण आयोग नेमला, तेव्हा सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. १९६६ मध्ये त्या आयोगाचा अहवाल आला. आज आपण ज्याला १०+२+३ म्हणतो, तो आकृतिबंध देशभर लागू झाला तो या अहवालामुळे.

महाराष्ट्रात काय झालं ते नीट बघा. आधी शाळा अकरा वर्षांची होती. अकरावीला एस.एस.सी., म्हणजे जुनं मॅट्रिक. त्यानंतर कॉलेजची चार वर्षं. अकरा अधिक चार, पंधरा. नवीन पद्धतीत दहा अधिक दोन अधिक तीन. तेही पंधराच!

मग बदललं काय? एकूण वर्षं तेवढीच राहिली, पण कॉलेजचं पहिलं वर्ष उचलून बारावी म्हणून खाली ठेवलं गेलं. नवीन दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली आणि बारावीची १९७७ मध्ये. तुमच्या आजोबांनी 'एफ. वाय.' किंवा 'प्री-डिग्री' म्हणून जे वर्ष केलं, ते तुम्ही बारावी म्हणून केलंत. अकरावीच्या प्रवेशाला अजूनही 'एफवायजेसी' का म्हणतात, याचा विचार केलाय कधी? फर्स्ट इयर ज्युनियर कॉलेज. बारावीच्या मुलांना आपण सर्रास 'कॉलेजला जातो' म्हणतो. ते वर्ष जिथून आलं, तिथलं नाव अजून त्याला चिकटलेलं आहे.

आता मामांच्या प्रश्नाकडे. यात पैसे वाचले का? वाचले, आणि ते का वाचले हे महत्त्वाचं आहे. आख्खं एक वर्ष पदवीतून कमी झालं. चार वर्षांची पदवी तीन वर्षांची झाली. खाली आलेलं वर्ष गावाजवळच्या हायस्कूलला जोडलेल्या ज्युनियर कॉलेजात करता येऊ लागलं, आणि अनुदानित ठिकाणी शिक्षकांचा पगार सरकार देऊ लागलं. लहान गावातल्या पोराला शहरात खोली घेऊन राहायचं वर्ष कमी झालं. हे सगळं विषय-विषय करून नाही, तर एका फटक्यात वर्ष हलवल्यामुळे झालं.

राहण्या-जेवणाचा खर्च हा छोटा मुद्दा समजू नका. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगं निघत गेली. खेड्यातल्या पोराचं शिक्षण अडतं ते बहुतेक वेळा झोपायची जागा आणि दोन वेळचं जेवण यावर, हे त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. आजही पुण्यात शिकणाऱ्या मुलाच्या बापाला विचारा, फी जास्त की खोली आणि मेस. बऱ्याचदा उत्तर द्यायला तो थोडा वेळ घेईल.

गारगोटीचा कागद

जे. पी. नाईक यांचीच आणखी एक गोष्ट. भुदरगड तालुक्यात, गारगोटीला, त्यांनी मौनी विद्यापीठ उभं केलं. खेड्यातल्या मुलांना खेड्यातच पुढचं शिक्षण मिळावं हा विचार. १९५६ मध्ये केंद्र सरकारने देशात 'रूरल इन्स्टिट्यूट' काढायची योजना आणली, त्यात गारगोटीही होती. या संस्थांमध्ये ग्रामसेवेचा तीन वर्षांचा डिप्लोमा होता आणि सिव्हिल व ग्रामीण इंजिनियरिंगचा तीन वर्षांचा कोर्सही होता. शहरात न जाता शिक्षण, तेही हाताला काम देणारं.

योजना कागदावर सुंदर होती. पण अडचण आली ती कागदाचीच. सरकारने नोकरीसाठी तो डिप्लोमा पदवीच्या बरोबरीचा धरला, तरी प्रत्येक विद्यापीठाच्या दारात त्याला तोच मान मिळाला नाही. शिक्षण झालेलं, तास भरलेले, परीक्षा दिलेल्या, पण पुढच्या दारावरचा माणूस म्हणतो, "हे आमच्याकडे चालत नाही." हळूहळू देशातल्या अशा बऱ्याच संस्था नेहमीच्या विद्यापीठ पद्धतीत सामावल्या गेल्या. गारगोटीच्या इंजिनियरिंग संस्थेत आज इतर पॉलिटेक्निकसारखाच डिप्लोमा शिकवतात.

आपण सॉफ्टवेअरवाले याला 'कंपॅटिबिलिटी इश्यू' म्हणू. फाइल चांगली आहे, पण समोरच्याचं मशीन ती उघडत नाही. यातून शिकायचं ते एवढंच की क्रेडिटची किंमत देणारा ठरवत नाही, घेणारा ठरवतो.

याच जातीची दुसरी गोष्ट ए.एम.आय.ई.ची. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्स ही १९२० ची संस्था. डिप्लोमा करून नोकरीला लागलेली माणसं नोकरी सांभाळत तिच्या परीक्षा द्यायची आणि ती पास झाली की सरकारी नोकरीसाठी पदवीच्या बरोबरीचं धरलं जायचं. कॉलेजची फी नाही, फक्त परीक्षेची फी आणि रात्रीचा अभ्यास. कित्येक ज्युनियर इंजिनियर याच वाटेने वर गेले. मग नियम बदलला. ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांनाच ती मान्यता राहिली. अभ्यासक्रम तोच होता, पण दार बंद झालं.

राजवाड्यातलं कॉलेज

आता आमचं गाव. इचलकरंजी ही घोरपड्यांची जहागीर. नारायणराव घोरपडे यांच्या काळात, १९०४ मध्ये, विठ्ठलराव दातार यांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला. तिथून गाव वाढत गेलं ते आजच्या महापालिकेपर्यंत. पण खूप काळ इथल्या हुशार पोराला इंजिनियर व्हायचं असेल तर गाव सोडावं लागायचं. गावात माग होते, मागाचं शिक्षण मात्र बाहेर होतं.

१९८२ मध्ये दत्ताजीराव कदम टेक्निकल एज्युकेशन सोसायटी, म्हणजे आपलं डीकेटीई, सुरू झालं. ते बसलं कुठे? घोरपड्यांच्या राजवाड्यात. ज्या दारातून कधी जहागिरीचा कारभार चालायचा, तिथून खर्चीवाल्याची, जॉबरची, कांडी भरणाऱ्या बाईची पोरं टेक्स्टाइल आणि इंजिनियरिंग शिकायला आत जाऊ लागली. घरचा डबा घेऊन, सायकलवर. शाहू महाराजांनी बोर्डिंग काढून जो खर्च कमी केला, तो इथे कॉलेजच घराजवळ आल्याने कमी झाला.

त्याच सुमारास, १९८३ मध्ये, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांना परवानगी द्यायचं धोरण आलं. जागा भरपूर वाढल्या. पण विनाअनुदानित म्हणजे कॉलेजचा खर्च मुलांच्या फीमधून. इथून फीचा प्रश्न खऱ्या अर्थाने घराघरांत शिरला. आज महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याप्रमाणे शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक खासगी कॉलेजची फी ठरवून देतं. ती ठरते वर्षाची. क्रेडिटची नाही, विषयाची नाही. सालावर.

म्हणजे मामांना उत्तर मिळालं.

क्रेडिटची बँक, आणि तिचं पासबुक

"पण आता तर नवीन धोरण आलंय ना?" असं कोणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच, म्हणून आधीच सांगतो.

हो, आलंय. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण. २०२१ च्या जुलैमध्ये 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' सुरू झाली. तुमचे क्रेडिट्स तुमच्या नावावर जमा, साधारण सात वर्षांपर्यंत वापरता येतात. 'स्वयम्'वरच्या ऑनलाइन कोर्समधून एका सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट्स घेण्याची परवानगी विद्यापीठांना आहे. आधी ती मर्यादा २० टक्के होती. २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला. त्यात तर शाळेचं वर्षही मोजलंय: वर्षाला १२०० तास, त्याचे ४० क्रेडिट्स. पण तिथे बारावीची पातळी पदवीच्या पहिल्या वर्षाच्या खालची धरलेली आहे. म्हणजे शाळेचे क्रेडिट्स पासबुकात दिसतील, पण ते पदवीतून आपोआप वजा होत नाहीत. रीलमध्ये नेमकं हेच सांगत नाहीत.

आता हिशोब. समजा बी.टेक. १६० क्रेडिट्सचं आहे, वर्षाला सरासरी ४०. समजा कॉलेजची फी वर्षाला १ लाख. म्हणजे एका क्रेडिटला अडीच हजार पडले. एका मुलीने 'स्वयम्'वरून १२ क्रेडिट्स केले. पिकाच्या हिशोबाने तिचे ३० हजार वाचायला हवेत. प्रत्यक्षात वाचतात शून्य, कारण ती वर्षभर कॉलेजची विद्यार्थिनी आहेच आणि फी वर्षाची आहे. उलट प्रत्येक कोर्सच्या परीक्षेची फी वरून भरायची. तिला ज्ञान मिळालं, सर्टिफिकेट मिळालं, एखाद्या सेमिस्टरला मोकळा वेळ मिळाला. हे सगळं चांगलं आहे, मी स्वतः असे कोर्स केलेत. पण त्याला 'खर्च वाचला' म्हणायचं नाही.

२०२४ च्या शेवटी विद्यापीठ अनुदान आयोगाने बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.सारख्या पदव्या लवकर संपवायची सोयही दिली. जास्त क्रेडिट्स उचलायचे आणि सहा सेमिस्टरची पदवी पाचमध्ये संपवायची. पण अशी परवानगी जास्तीत जास्त १० टक्के मुलांना. इथेही तोच नियम लागू होतो: सेमिस्टर कमी झालं तरच पैसे कमी होतात.

जुनी वाट: डिप्लोमा

मग आपल्याकडे शाळेच्या वयात कॉलेजचं वर्ष कमवायची सोय नाहीच का? आहे. आणि ती इतकी जुनी आणि साधी आहे की तिच्यावर कोणी रील बनवत नाही.

दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग डायरेक्ट सेकंड इयर. सोळा-सतरा वर्षांचं पोरगं, ज्या वयात त्याचे मित्र अकरावीच्या वर्गात बसतात, त्या वयात वर्कशॉपमध्ये फायलिंग करतं, ड्रॉइंग शीट काढतं. आणि तीन वर्षांनी पदवीचं पहिलं वर्ष त्याला माफ होतं. विषय-विषय नाही, आख्खं वर्ष. म्हणून त्या वर्षाची फीही माफ. सालावर फी असलेल्या देशात सालावरच सूट मिळते, हे डिप्लोमाने कधीच ओळखलेलं आहे.

पण इथे मी तुम्हाला अर्धवट सांगणार नाही. वर्षं मोजा. अकरावी-बारावी दोन, पदवी चार: सहा. डिप्लोमा तीन, पदवी तीन: सहा. वेळ एक दिवससुद्धा वाचत नाही. वाचतं ते असं की पदवीच्या एका महाग वर्षाऐवजी डिप्लोमाचं एक वर्ष येतं. आणि अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत सी.ई.टी.च्या क्लासला जाणारे पैसे जात नाहीत, कारण डायरेक्ट सेकंड इयरची गुणवत्ता यादी डिप्लोमाच्या मार्कांवर लागते. सरकारी किंवा अनुदानित पॉलिटेक्निक मिळालं तर फायदा चांगला मोठा आहे. खासगी पॉलिटेक्निकची तीन वर्षांची पूर्ण फी भरली आणि समोर अनुदानित ज्युनियर कॉलेज होतं, क्लास न लावता, तर फायदा कमी होतो, कधी उरतच नाही.

आणखी एक फायदा मला जास्त मोठा वाटतो. समजा घरात काही झालं. माग बंद पडले, बाप आजारी पडला. बारावी करून थांबलेल्या मुलाच्या हातात काय असतं? डिप्लोमावाल्याच्या हातात तीन वर्षांनी एक कागद असतो ज्यावर नोकरी मिळते. ही मधल्या थांब्यावर उतरायची सोय आहे. नवीन धोरणात 'मल्टिपल एक्झिट' म्हणून जे सांगतात, ते पॉलिटेक्निकच्या मुलांना कधीपासून माहीत आहे.

आता तोटे. मी बारावी करून गेलो होतो. आमच्या वर्गात सेकंड इयरला डिप्लोमाची मुलं आली. मशीनजवळ ती आमच्यापेक्षा कितीतरी पुढे. पण गणिताच्या तासाला त्यांची दमछाक व्हायची, कारण आम्ही बारावी आणि पहिल्या वर्षात जे गणित दोन-दोनदा घोकलं, ते त्यांच्याकडून घाईत झालेलं. माझ्या शेजारी बसणाऱ्या एका मित्राचं तिसऱ्या सेमिस्टरचं गणित राहिलं, मग त्याच्या मागे आणखी दोन विषय, आणि शेवटी वायडी. वाचवलेलं वर्ष तिथेच गेलं. आम्ही बाकीचे त्याच्या खोलीवर बसून त्याला गणित शिकवायचो आणि तो आम्हाला लेथ मशीन समजावून सांगायचा. तो पुढे चांगला इंजिनियर झाला. पण त्याच्या वडिलांनी भरलेली ती एका जादा वर्षाची फी मला अजून आठवते.

दुसरा तोटा जागांचा. डायरेक्ट सेकंड इयरला मंजूर जागांच्या साधारण १० टक्के जास्तीच्या जागा असतात, आणि पहिल्या वर्षात रिकाम्या राहिलेल्या जागा मिळतात. ज्या शाखेकडे सगळे धावतात तिथे पहिल्या वर्षात जागाच उरत नाहीत. म्हणजे डिप्लोमा कॉम्प्युटरचा केला म्हणून हव्या त्या कॉलेजात कॉम्प्युटरच मिळेल, असं नाही. गारगोटीचा धडा इथेही लागतो: दार किती उघडं आहे, हे आत घेणारा ठरवतो.

मामांना काय सांगितलं

दोन दिवसांनी मी फोन केला. सांगितलं, "मामा, फी सालावर आहे. म्हणून कोणी कितीही क्रेडिट दाखवलं तरी विचारायचं, साल कमी होतंय का? होत असेल तर ऐकायचं. नसेल तर तो कोर्स शिकायला चांगला, पैसे वाचवायला नाही."

आणि मग मला स्वतःलाच एक गोष्ट लक्षात आली. प्रश्न मामेबहिणीचा होता, मामेभावाचा नाही. २०२४-२५ पासून राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, ठरावीक प्रवर्गांतल्या आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. मामांचं घर त्यात बसतं. म्हणजे पदवीच्या ज्या वर्षाची फी वाचवायला डिप्लोमाची वाट धरायची, ती फीच तिला बहुतेक नाही. तिचा हिशोब तिच्या भावापेक्षा वेगळा निघतो. तिला वाट निवडताना पैशापेक्षा हे बघता येतं की तिला मशीन आवडतं की गणित. आमच्या घरात मुलीला ही चैन याआधी कोणाला मिळाली नव्हती.

तिने मग मला एकटीने फोन केला. म्हणाली, "दादा, मला ड्रॉइंग आवडतं. पण गणित सोडायचं नाही. कुठल्या वाटेने दोन्ही होईल?"

मी तिला पुढचे चार प्रश्न लिहून पाठवले, तेच तुम्हालाही देतो. एक, यामुळे पदवीचं आख्खं वर्ष किंवा सेमिस्टर कमी होतं का? दोन, पुढे ज्या कॉलेजात जायचंय ते हा कागद स्वीकारतं का, आणि हे त्यांच्या नियमात लिहिलेलं आहे का? तीन, मध्ये थांबावं लागलं तर हातात काय उरतं? चार, घरातून जाऊन-येऊन करता येतं का, की खोली आणि मेस लागणार?

पॉलिटेक्निक आणि ज्युनियर कॉलेज, दोन्हींचे फॉर्म तिने भरलेत. यादी लागली की कळवते म्हणाली. मामांनी मात्र चारही प्रश्न वाचून निरोप पाठवला: "पाचवा प्रश्न लिहायचा राहिला. पोरीला काय पाहिजे?"

तो तुम्ही पहिला धरा. भेटू पुढच्या भागात.